शेंदराखालची खुंटी

आषाढातल्या अवसेला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. मला घड्याळ कळत नाही. पण ही वेळ लोकांनी माझ्यासमोर इतक्यांदा उगाळली आहे, की ती आता माझ्या लाकडात मुरली आहे.

मी उघाडीची झडप बोलतेय. पेणच्या खाडीकडची भातशेती सगळी बांधाच्या आड असते. बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून बांधात एक वाट ठेवतात, तिला उघाडी म्हणतात. त्या वाटेच्या तोंडाशी, खाडीच्या अंगाला, वरून लोखंडी कड्यांत टांगलेलं लाकडी दार म्हणजे मी. भरती आली की खाडी मला बाहेरून ढकलते, मी मिटते. ओहोटी लागली की शेतातलं पाणी मला आतून ढकलतं, मी उघडते. मला ना कडी ना कुलूप. माझं काम पाणीच करून घेतं.

देश स्वतंत्र झाल्यावर दहा-बारा वर्षांनी पेणच्या हिरामण सुताराने मला केलं. ऐनाच्या लाकडाच्या तीन फळ्या, मागून दोन आडवे पट्टे, वर डांबराचे दोन हात. त्याने मला फार प्रेमाने वगैरे केलं नाही. तंबाखू चघळत केलं, पण चोख केलं. पंधरा वर्षं मी मिटले की खाऱ्या पाण्याचा थेंब आत गेला नाही.

माझी देखभाल गुणाजीकडे होती. कड्यांना तेल घालायचं, अडकलेलं गवत काढायचं, पायथ्याचा चिखल ओढायचा. गुणाजी बोलायला कमी, हाताने कामसू. बाभळीच्या खुंट्या तो स्वतः करायचा. त्याच्या खुंटीला दोन खाचा असत, म्हणजे दोर सरकत नाही. गावात बाकी सगळे एकच खाच पाडत. "तुझी खुंटी चोरली तरी पचायची नाय," असं लोक त्याला हसत.

त्याच्या रघूचं लग्न झालं आणि सून आली, मालू. रोह्याच्या वरच्या अंगाच्या गावातली, सातवी शिकलेली. तिने खाडी कधी पाहिली नव्हती. पहिल्याच महिन्यात बांधावर उभी राहून तिने सासऱ्याला विचारलं होतं, "मामा, हे पाणी रोज येतं, ते कोण सोडतं?"

बायका पोट धरून हसल्या. त्यांच्यातली धोंडुबाई म्हणाली, "तुझा सासरा सोडतो गो! जेवून उठला की सोडतो!"

मालूही हसली. पण तिचे डोळे पाण्यावरच होते. भिणाऱ्या माणसाचे डोळे मला कळतात. ती माणसं पाण्याकडे बघत नाहीत, पाणी कुठवर आलंय ते बघतात.

वर्षाने ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि गुणाजीच्या मनात जिताड्याने घर केलं.

जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. भरतीबरोबर त्याची पिल्लं आत येतात. शेताकडच्या तळ्यात सोडली की वाढतात. सून बाळ घेऊन परत येईल तेव्हा घरच्या तळ्यातला जिताडा तिच्या ताटात असावा, एवढंच त्याला हवं होतं. पण मी मिटले की पिल्लं आत येणार कशी? म्हणून भरतीच्या वेळी माझ्या कडेला चौकटीत खुंटी ठोकून मला चार बोटं उघडी ठेवायची, घटकाभर पाणी आत घ्यायचं आणि खुंटी काढून टाकायची. असं गावात सगळेच कधी ना कधी करत. कुणी कुणाला सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे.

दिव्याच्या अवसेला त्याने खुंटी ठोकली आणि तेवढ्यात घरून हाक आली. सीताबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिवे घासून पाटावर मांडले होते. पूजेला घरचं माणूस हवं. तो गेला. दिव्यांना हात जोडले, गोडाचा घास खाल्ला आणि परत आला. तेवढ्यात उधाण चढलं होतं. अवसेचं पाणी थांबत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रोज करतो त्या गोष्टीची माणसाला भीती उरत नाही.

त्याने खुंटी ओढली, दोन्ही हातांनी ओढली, पाय चौकटीला लावून ओढली. बाहेरून अख्खी खाडी मला दाबत होती. खुंटी माझ्या कडेत रुतत गेली आणि मोडली. अर्धी त्याच्या हातात आली, अर्धी माझ्यात राहिली. मी अडकले. चार बोटांच्या फटीतून पाणी असं घुसलं की पायथ्याची माती विरघळली. मग बांध बसला. कडी तुटली आणि मी पाण्याबरोबर शेतात गेले.

मला दुखलं नाही. लाकडाला दुखत नसतं, किंवा इतकी वर्षं खाऱ्यात काढल्यावर दुखेनासं होत असेल.

त्याच वेळी काळुराम बांधाच्या दुसऱ्या टोकाला होता. गावचा मोठा माणूस, आणि गावातलं एकुलतं एक मनगटी घड्याळ त्याचं. खांड जाताना, म्हणजे बांधाला भगदाड पडताना, त्याने आधी घड्याळ बघितलं, मग ओरडला. एक दहा.

तिसऱ्या दिवशी पाणी जरा उतरलं. लावलेलं भात सगळं गेलं होतं. शेतात नुसता राखाडी चिखल. आणि त्या चिखलात, काळुरामच्या खाचरात, मी उभी होते. सरळ. टोकाकडून रुतले होते, म्हणून उभी होते. एवढंच कारण.

गुणाजी सगळ्यांच्या आधी आला. उजाडलं नव्हतं नीट. घरातल्या मारुतीपुढची शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी घेऊन आला होता. आधी माझी कड चाचपली. खुंटीचा तुकडा सापडला. ओढून बघितला, निघेना. मग त्यावरच चिखलाचं बोट फिरवलं आणि वर शेंदूर थापला. पहिला शेंदूर तिथे लागला. तो भक्तीचा नव्हता.

माणसं जमली तेव्हा मी लाल झाले होते.

"अख्खा बांध गेला नि ही उभी!" काळुराम म्हणाला.

"हात लावू नका," गुणाजी म्हणाला. "देव हाय."

त्याचा आवाज फाटला होता. लोकांना वाटलं, भक्तीने फाटलाय. पायातल्या वहाणा काढल्या गेल्या. कुणीतरी नारळ आणायला पळालं.

आणि तेव्हाच मालूचा भाऊ जगन चिखल तुडवत आला. हातात गुळाची पुडी. एस.टी.ने आला होता, त्याला इथलं काही माहीत नव्हतं. लांबूनच ओरडला, "गुणाजीमामा! मुलगी झाली! अवसेला! दोघी बऱ्या हायत!"

धोंडुबाईने विचारलं, "अवसेला कवा रे?"

"दुपारी एक दहाला. नर्सबाईंनी घड्याळ बघून लिवलंय."

जगन गूळ पुढे करून उभा राहिला. कुणी हात पुढे केला नाही.

"पांढऱ्या पायाची ऐकली व्हती," धोंडुबाई म्हणाली. "ही खाऱ्या पायाची आली."

"काय पण बोलतेस!" सीताबाई चिडून म्हणाली. "त्या घटकेला रोह्यापासून पेणपर्यंत धा पोरं झाली असतील."

"असतील. पण त्यांचे आजे उघाडी नाय राखत."

गुणाजी माझ्याकडे बघत होता. तेव्हा तोंड उघडलं असतं तर गावाने त्याला झोडपलं असतं, आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्याने उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी सरकारी माणूस आला. दिनानाथ नावाचा, तरुण, खाकी पिशवीत टेप आणि वही. त्याने खांड मापली, पायथ्याची माती बोटांत चुरडली. त्याला देव दिसत नव्हता की पोरगी दिसत नव्हती, नुसती फट दिसत होती. मला ते बरं वाटलं असतं, काही वाटत असतं तर.

"झडप नीट मिटली असती तर पायथा असा धुपला नसता," तो म्हणाला. "काहीतरी अडकलं असणार. कडेला दाबाची खूण असेल. जरा शेंदूर खरवडू द्या."

"खरवडायचा नाय," काळुराम म्हणाला.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"देवाच्या अंगाला इळा लावनार तुमी? मंग पुढली खांड तुमच्या घरात जाईल."

दिनानाथने माझ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. दुपारची एस.टी. गाठायची होती. त्याने वहीत लिहिलं, 'उधाणाच्या जोरामुळे.' ते खोटं नव्हतं. पण पुरं नव्हतं.

बांध पुन्हा बांधला. नवी उघाडी झाली, तिला नवीन झडप आली. मला शेजारी चौथऱ्यावर उभं केलं. गावाने ठरवलं की दर अवसेला पोरीच्या आईनेच मला शेंदूर लावायचा. आईच्या हाताने लागला तर देव शांत राहील, आणि पोरगी बांधावर चढायची नाही.

पोरगी पाच महिन्यांची झाली, त्या अवसेला मालू पहिल्यांदा आली. तिला जगनकडून आधीच सगळं कळलं होतं. तिने पोरीचं नाव चंद्रावती ठेवलं होतं. अवसेला चंद्र नसतो, म्हणून मुद्दाम. तिने माझ्यावर तेल ओतलं, शेंदूर फिरवला. तिचा हात गार होता. पुढची आठ वर्षं माझ्यासमोर ती फारसं काही बोललीच नाही.

तीन वर्षं शेतात काही उगवलं नाही. रघू रोह्याच्या कंपनीत लागला, तिथेच राहू लागला. सुट्टीला यायचा, पोरीला खांद्यावर घ्यायचा आणि बायकोला म्हणायचा, "चल रोह्याला." मालू म्हणायची, "पळून गेलो तर तेच खरं ठरंल."

सातवी शिकलेली बाई. तिला भरती-ओहोटी आता कळत होती, तिथींचा हिशोब तोंडपाठ होता. पण ती आई होती. मी तिला पाहिलंय. चौथऱ्याच्या खाली, सगळे गेल्यावर, ती चंद्रीचे पाय तांब्याभर गोड्या पाण्याने धुवायची आणि ते धुतलेलं पाणी बोटाने चाखायची. खारं लागतंय का बघायची. पोरगी चिखलातून आलेली असली तर लागायचंच. मग ती पुन्हा धुवायची.

गुणाजीचं मात्र उलटं झालं. पहिली दोन वर्षं तो माझ्याकडे बघायचा नाही. मग हात जोडू लागला. मग डोकं टेकू लागला. चौथ्या-पाचव्या वर्षी मी बघितलं, की त्याचे ओठ हलतायत. तो माझ्याकडे खरंच काहीतरी मागत होता. ज्या फळीत स्वतःची खुंटी पुरलेली आहे, त्याच फळीकडे. माणसं असं करू शकतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी फक्त सांगतेय.

आठव्या वर्षी, लावणीच्या दिवसांत, चंद्री पोरांच्या मागे बांधावर चढली. धोंडुबाईने हातातली रोपांची मूठ टाकली. "ए चंद्रे, उतर! तुला पानी वळखतं!"

पोरगी उतरली. रडली नाही. आईजवळ आली आणि सरळ विचारलं, दुकानातला भाव विचारावा तसं.

"आई, मी किती पानी आनलं व्हतं गो?"

मालू वाकलेली होती, ती तशीच राहिली. मग पोरीला सासूजवळ बसवून ती विळा घेऊन चौथऱ्यावर आली. भर दुपारी. सगळे जेवायला बसले होते.

आठ वर्षांचा शेंदूर बोटभर जाड होता. ती खरवडत राहिली. घाई नाही, राग नाही, भांड्याचा करपलेला तळ घासावा तसं. कुठे घासायचं ते तिला माहीत होतं. दिनानाथचं बोलणं कधीतरी तिच्या कानावर आलं होतं, आणि तेल लावताना आठ वर्षं तिच्या बोटांना तिथे उंचवटा लागत होता. पापुद्रे निघाले. आतून काळं लाकूड दिसलं, आणि लाकडात रुतलेली बाभळीची अर्धी खुंटी. दोन खाचा.

गुणाजी जेवणावरून उठून आला होता. हात धुतला नव्हता.

"मामा, ही आपली खुंटी."

तो खाली बसला. "व्हय."

"तुमाला कवापासून ठाव हाय?"

"तवापासूनच."

खाडी ओहोटीची होती.

"तुझ्यासाठीच ठोकली व्हती गो," तो म्हणाला. "जिताड्याचं पिल्लू पायजे व्हतं. तू येशील तवा कालवण..."

"मिळालं?"

"काय?"

"जिताडा."

"नाय."

मालूने विळा पुसला. "परवा अवस हाय. गावापुढं सांगा. तुमी नाय सांगितलं तर मी सांगन."

"सांगतो," गुणाजी म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. हे मला मुद्दाम सांगायचंय. अवसेला, नारळ फुटायच्या आधी, म्हातारा चौथऱ्यावर उभा राहिला आणि सगळं बोलला. खुंटी, दिवे, उधाण. रडला नाही, हात जोडले नाहीत. घरी जपून ठेवलेला खुंटीचा दुसरा अर्धा तुकडा सदऱ्यातून काढून दाखवला.

मग काळुराम हसला.

"नातीपायी येडा झाला म्हातारा."

"नातीपायी नाय, सुनेनं पढवलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"खरं बोलतोय," गुणाजी म्हणाला.

"आठ वर्सं आमी काय खुंटीला नारळ फोडले?" धोंडुबाई पुढे आली. "माझ्या हिरूचा ताप उतरला तो काय खुंटीनं?"

"सरकारनं लिवून दिलंय, उधाणानं गेली म्हणून," काळुराम म्हणाला. "तुझी खुंटी काय सरकारापेक्षा मोठी?"

तेव्हा मालू बोलली. गावापुढे, आठ वर्षांत पहिल्यांदा. "आनि तुमच्या घड्याळातल्या त्या एक दहाचं काय, काळुरामभाऊ? त्या घड्याळावर तुमाला पेनची एस.टी. एकदा तरी मिळाली का?"

दोघं-तिघं खुदकन हसले. काळुरामने बाही ओढून घड्याळ झाकलं. तेवढंच. पुढे काही झालं नाही. कुणाला माझी भीती होती, कुणाला माझा गुण आला होता, कुणाला आठ वर्षं फुकट गेली असं म्हणवत नव्हतं. काळुरामने शेंदूर कालवायला सांगितलं. मालूने हात मागे घेतले, तेव्हा धोंडुबाईनेच पुढे होऊन लावला. खरवडलेल्या जागी दुप्पट लावला. माझ्यातल्या खुंटीलाही लावला. गुणाजीच्या हातातला तुकडा काढून घेतला, त्यालाही लावला, माझ्या पायथ्याशी उभा केला आणि हळद-कुंकू वाहिलं.

गुणाजी ते बघत उभा होता. मग घरी गेला. पुन्हा चौथऱ्यावर आला नाही. दोन पावसाळ्यांनी गेला असं ऐकलं.

मालू दुसऱ्याच दिवशी निघाली. रोह्याला, रघूकडे. पत्र्याची पेटी डोक्यावर, पोरगी हाताशी. बसच्या रस्त्याला जायची वाट माझ्यासमोरूनच जाते. चौथऱ्याजवळ ती थांबली, माझ्यासाठी नाही, पेटी सरळ करायला.

"काल आजोबांनी सांगितलं ते ऐकलंस ना?" तिने पोरीला विचारलं.

"व्हय."

"मंग? आता कळलं ना, कुणी पानी आनलं ते?"

चंद्रीने खाली बघून पायाने खडा उडवला. "आजोबा माझ्यासाठी खोटं बोलले ना गो, आई? सगळे हसले."

मालूने तोंड उघडलं. मग एस.टी.चा हॉर्न वाजला आणि त्या पळाल्या. पुढे तिने पोरीला काय सांगितलं असेल, मला ठाऊक नाही. सांगितलं असेल. आईचं सांगणं पोरांना नेहमी प्रेमाचं वाटतं, खरं वाटतंच असं नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. उघाडी सिमेंटची झाली, तिला लोखंडी दार बसलं. माझ्यावर पत्र्याची शेड आहे. नवस बोलतात, मुंबईहून गाड्या येतात. माझा आकार आता कुणाला कळत नाही. लाल गोळा झाले आहे मी. आत ऐन कुजत चाललंय. एक दिवस आत काहीच उरणार नाही आणि वरचं लाल तसंच उभं राहील. त्याचं मला काही नाही.

मला बोलता येत नाही. जे बोलले त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणून हे तुमच्याजवळ ठेवतेय. रोह्याकडे तुमचं कुणी असेल, कंपनीत शिफ्टला जाणारं, बाजारात बसणारं, एस.टी. चालवणारं, तर त्याला सांगा, आणि त्याने पुढे सांगावं. तिथे चंद्रावती नावाची एक बाई असेल, माहेरचं मूळ गाव पेणच्या खाडीकडे. तिचीही आता मुलं असतील. ती भेटली तर तिला माझ्याकडे आणू नका, नारळ आणायला सांगू नका. फक्त निरोप द्या, की ज्या झडपेमुळे सगळं झालं तिने कळवलंय, तुझे आजोबा त्या दिवशी खोटं बोलले नव्हते.